पहिली ओंजळ

तीसेक वर्षं मी पाणी तपासलं. अजूनही पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी उजेडाकडे धरून बघते. सून म्हणते, "आई, फिल्टरचं आहे." मी म्हणते, "म्हणूनच." तिला वाटतं सासू विनोद करते. गढूळ पाण्याची मला कधी भीती वाटली नाही. गढूळ पाणी आपण होऊन सांगतं की मला पिऊ नका. मला भीती वाटते ती नितळ पाण्याची, आणि का वाटते ते या अंकाच्या निमित्ताने एकदाचं लिहून टाकते. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले होते. गमती सुरुवातीलाच आहेत, त्या वाचून घ्या.

माझं पद प्रयोगशाळा सहायकाचं. काम ऐकायला सोपं. विहिरी, हातपंप, तलाव यांच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून यायचे. त्यांचा रंग, वास, क्षार, जंतू तपासून कागदावर लिहायचं की पाणी पिण्यास योग्य किंवा अयोग्य. बाटली आमचीच, उकळून कोरडी केलेली हवी असते. पण लोक आपापल्या बाटल्या आणत. एटापल्लीला असताना एक म्हातारे गृहस्थ देशी दारूच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन आले. दारूबंदीचा जिल्हा, आणि हे एसटीत ती बाटली छातीशी धरून बसलेले. वाटेत नाक्यावर पोलिसाने बूच काढून वास घेतला म्हणे, आणि फार निराश झाला. गृहस्थ मला म्हणाले, "बाई, शेजाऱ्यानं करनी केली का नाई, तेवढं यातून काढून द्या." मी दुसरा नमुना मागवला, तपासला. करणी निघाली नाही, शेणातले जंतू निघाले. "म्हंजे त्याच्याच गोठ्यातले," असं म्हणून ते समाधानाने गेले. भामरागडला बदली झाली तेव्हा पावसाळ्यात नमुने यायचेच नाहीत. रस्ता बंद झाला की नदीचं पाणी आपण होऊन दारापर्यंत येई, तेवढंच बघायचं.

कामाचा दुसरा भाग गावोगाव फिरून शिकवायचा. 'पाणी उकळून प्या' हे वाक्य मी किती शाळांच्या भिंतींवर माझ्या हाताने लिहिलं, याची मोजदाद नाही. अक्षर चांगलं होतं म्हणून पेंटर लावायची गरज पडत नसे. पोरं मला 'उकळबाई' म्हणत. मला राग यायचा नाही. माझ्या आजीला तिच्या गावच्या तलावाच्या वरच्या घाटाला हात लावायची मुभा नव्हती. जिथे म्हशी बसत, त्या खालच्या अंगाने तिला घागर भरावी लागायची. तिची नात आता गावाच्या पाण्याला पास-नापास करते, याचा माझ्या आईला फार अभिमान होता. मलाही होता. जरा जास्तच होता, हे आता कळतं.

ज्या गावाची ही हकिगत आहे त्याचं नाव देत नाही. तिथल्या पोरापोरींच्या सोयरिकी अजून व्हायच्या आहेत. मूल आणि सिंदेवाहीच्या मधल्या जंगलपट्ट्यात आहे एवढं पुरे. माझी शेवटची बदली त्याच भागात झाली होती. गावाला जुन्या मालगुजाराने बांधलेला मोठा तलाव आहे. आमच्याकडे असे तलाव शेकड्याने आहेत. सरकारी कागदात ते 'माजी मालगुजारी', म्हणून बोलण्यात 'मामा तलाव'. या तलावावर ढिवर समाजाची वीस-पंचवीस घरं मासे धरून जगतात. त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष सोनबाभाऊ. त्यांनी मला पाणी बघायला शिकवलं. शाळेत शिकले होते ते पाण्याचं रसायन. पाण्यात कोण राहतं आणि का राहतं, हे सोनबाभाऊंकडून शिकले.

माझ्याकडे एक काळी-पांढरी लोखंडी थाळी होती, दोरी बांधलेली. डोंग्यातून, म्हणजे लहान नावेतून, ती पाण्यात सोडायची आणि किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते ते मोजायचं. पहिल्या वर्षी सोनबाभाऊंच्या तलावात मी ती सोडली तर तीन हात खाली, तळाच्या गवतावर जाऊन बसली तरी दिसत होती. सोनबाभाऊ म्हणाले, "थाळी कायले पायजे बाई? ते पाहा, मरळ पिल्लं घेऊन बसली हाय." खरंच, एक मरळ मासा गवताच्या आडोशाला होता आणि त्याच्याभोवती पिल्लांचा तांबूस पुंजका. सोनबाभाऊंनी सांगितलं ते असं: तळाला गवत आहे म्हणून मरळ आहे. गवतात झिंगे लपतात, गोगलगायी चढतात, त्यांना खायला पाखरं येतात. काठाला देवधान, म्हणजे आपोआप उगवणारं रानटी धान, आहे म्हणून बाहेरून येणारा गाळ तिथेच अडतो. आणि हे सगळं कशावर, तर ऊन तळापर्यंत पोचतं यावर. पाणी नितळ असलं की एक बिऱ्हाड राहतं, पाणी बिघडलं की ते जातं आणि दुसरं येतं. रिकामा कोणताच तलाव राहत नाही.

ते दुसरं बिऱ्हाड मी माझ्या डोळ्यांनी येताना पाहिलं. वरच्या अंगाला धानाच्या बांध्यांत खत वाढलं, पावसात ते वाहून तलावात येऊ लागलं. मासे लवकर मोठे व्हावेत म्हणून सोसायटीने शेण आणि खत पाण्यात टाकलं. जाळ्याला आडवं येतं म्हणून तळाचं गवत उपटलं, आणि उरलेलं खायला गवत्या मासे सोडले. दोन-तीन वर्षं मासळी भरपूर निघाली, सगळे खूश. मग गवत संपलं आणि खत मात्र येतच राहिलं. ते खायला कोणीतरी येणारच होतं. बारीक, डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ आलं. माझी थाळी दोन हातांवर दिसेनाशी झाली, मग एका हातावर, आणि ही हकिगत घडली त्या वर्षी चैत्रात एका वितीवर. वाऱ्याने पूर्वेच्या काठाला हिरव्या ऑइलपेंटसारखी साय जमली होती. तिला कुजकट वास येत होता. मरळ दिसून वर्षं झाली होती.

आता त्या गावची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. तलाव ही ढिवरांची माय. लग्न मुलाकडे लागतं. त्या दिवशी सकाळी, अंगाला हळद लागली की नवरीला तलावावर नेतात. ती गुडघाभर पाण्यात उतरते आणि एक ओंजळ पाणी पिते. तिथून ती तलावाची लेक. आणि लग्नाचा भात तलावाच्याच पाण्यात शिजतो, हातपंपाच्या नाही. मी किती वर्षं कुरकुर केली. सोनबाभाऊंची बायको गिरजाबाई मला गप्प करायची. "भात शिजते तवा पानी उकळतेच ना बाई? तुमचंच तं म्हननं हाय." मला मनातून बरंही वाटायचं की माझा धडा स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

त्या वैशाखात त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. सोनबाभाऊ माझ्या प्रयोगशाळेत आले, खुर्चीवर बसले नाहीत.

"बाई, असं हिरवं पानी नवरीले कसं पाजू? पाव्हने नाव ठेवतीन. काई औषध हाय का?"

इथे मी माझी चूक लिहिते. मोरचूद. शेतकरी चुन्यात कालवून झाडांवर मारतात तो निळा खडा. त्याने शेवाळ मरतं हे मला प्रशिक्षणापासून ठाऊक होतं. असं औषध सुचवायचा मला अधिकार नव्हता. माझा अधिकार बाटलीपुरता. पण सोनबाभाऊंनी इतकी वर्षं मला शिकवलं, आज ते विचारत होते आणि मला येत होतं. मी ऐटीत सांगितलं. किती घ्यायचा, गोणपाटात कसा बांधायचा, डोंग्याच्या मागे बांधून तलावभर कसा ओढायचा. त्यांनी तसंच केलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता. "बाई, तलाव आरशावानी झाला. तळ दिसून राह्यला." मग हसत म्हणाले, "झिंगे तं आपल्या पायानं काठावर येऊन राह्यले. बाया वेचून राह्यल्या." मीही हसले. ऑफिसमध्ये दोघातिघांना सांगितलं की बघा, कसा साफ केला. झिंगे पाणी सोडून काठावर का येतील, हा प्रश्न मला पडला नाही. पंचवीसेक वर्षं पाण्याच्या नोकरीत असलेल्या बाईला तो पडला नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी भेट म्हणून घेतलेला स्टीलचा फिल्टर पिशवीत घालून स्टँडवर गेले. दुपारपर्यंत पोचायचा बेत होता. चहाच्या टपरीवर जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर शेख भेटले. शेख माझ्या माहेरच्या गावातले; त्यांचे वडील टेलर, माझ्या शाळेचा झगा त्यांनीच शिवलेला. पिशवीकडे बघून ते म्हणाले, "सोनबाभाऊंकडे लग्नाला चालल्या का मॅडम? त्याच गावातून मी काल आलो. दोन म्हशी गेल्या, चार बकऱ्या. लोक म्हणतात साप."

"मग?"

"साप इतक्या जनावरांना कसा चावल? पोट उघडून पाहिलं. यकृत रक्ताने भरून असं फुगलेलं." त्यांनी दोन्ही तळहात दूर धरून दाखवलं. "मी पंधरा वर्षांत असं नाही पाहिलं. काहीतरी प्यायलं त्यांनी."

काहीतरी आठवत होतं आणि आठवू नये असंही वाटत होतं. प्रयोगशाळा स्टँडच्या मागेच होती. शिपायाकडून कुलूप काढवून मी कपाटातून प्रशिक्षणाची जुनी वही काढली. नागपूरला तरुणपणी घेतलेलं प्रशिक्षण, सुवाच्य अक्षर, लाल शाईने अधोरेखित मथळे. पान सापडलं. 'हिरव्या सायीचे काही प्रकार विषारी. विष शेवाळाच्या पेशीत असते. मोरचूद टाकल्यास पेशी फुटून विष पाण्यात उतरते. पाणी स्वच्छ दिसू लागते. काही आठवडे जनावरे व माणसे यांना पाजू नये. विष यकृतावर जाते. उकळल्याने नष्ट होत नाही.'

शेवटच्या वाक्याखाली मीच दोन रेघा मारल्या होत्या. भीती कशी असते ते त्या दिवशी कळलं. वाचलेलं परत वाचता येईना. मग एकच गोष्ट डोळ्यांपुढे राहिली, लग्नाच्या भाताचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, त्यात रटरटणारं नितळ पाणी.

सोनबाभाऊंना फोन लावला. वाजत राहिला. लग्नघर, डीजे लागलेला, कोण उचलणार? गिरजाबाईचा लागेना. शेख म्हणाले, "बसा मागे." त्यांच्या मोटरसायकलवर मी मांडीवर फिल्टर घेऊन बसले. तो ठेवून द्यायचं कुणालाच सुचलं नाही. जंगलातला रस्ता, दोन्ही बाजूंना सागाची वाळलेली पानं, आणि प्रत्येक खड्ड्यात त्या फिल्टरचं झाकण खडखडायचं. त्या तासाभरात मी काय विचार केला ते खरं लिहिते. लोकांचा विचार केला, पण आधी माझा केला. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. औषध कोणी सांगितलं हे कोणाला सांगायची गरज होती का? मेलेलं कुत्रं तलावात पडलं असं सांगितलं तरी लोक पाणी सोडतील. तेवढ्याने काम भागेल. गाव येईपर्यंत मी ते कुत्रं मनात पक्कं केलं होतं.

लग्न संध्याकाळी लागायचं होतं, पण मांडवात दुपारच्या पंगतीच्या चटया अंथरल्या होत्या. मागे चुलीवर गंज चढवलेला, गिरजाबाई लांब पळ्याने भात हलवत होती. तिने मला पाहिलं आणि हसली. "या या, उकळबाई आल्या."

मी सोनबाभाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, हा भात वाढू नका. तलावात कुत्रं मेलं हाय, मले समजलं."

"कुठी? मी सकाळीच पाह्यलं, तळापर्यंत साफ हाय."

"हाय कुठं तरी."

"अन् असलं तरी," ते शांतपणे म्हणाले, "पानी उकळलं ना बाई. तुमीच तं शिकवलं. शाळेच्या भिताडावर लिवून हाय."

तिथे माझं खोटं संपलं. जे काही खोटं सांगितलं असतं त्याला याच वाक्याचं उत्तर मिळालं असतं. कुत्रं, साप, घाण, काहीही. गावाला त्यावर इलाज ठाऊक होता आणि तो मीच दिला होता. पाहुणे हात धुऊन पंगतीला येत होते. कोणीतरी पत्रावळी मांडायला सुरुवात केली.

मी चुलीजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हे पानी उकळून साफ होत नाई. मोरचूद टाकल्यानं शेवाळातलं जहर पान्यात उतरलं. म्हशी त्यानंच मेल्या. मोरचूद टाकाले मी सांगितलं होतं."

डीजे कोणीतरी बंद केला. सोनबाभाऊ म्हणाले, "माय कधी लेकराले जहर देते का, बाई?"

"माय देत नाई भाऊ. जहर मी दिलं."

गिरजाबाईने पळा खाली ठेवला. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "म्हंजे तुमाले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. माह्याच वहीत लिवून होतं. मी इसरली."

तिने पदराने गंजाचा कान धरला, दुसऱ्या बाजूने नणंदेला हाक मारली, आणि दोघींनी तो गंज चुलीवरून उतरवून आडवा केला. वाफाळता भात मातीत पसरला. एक कोंबडी धावत आली, तिला शेखांनी हाकललं. लग्नाचं अन्न मातीत गेलेलं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

मला वाटलं संपलं. तेव्हा गिरजाबाई म्हणाली, "अन् नवरी?"

नवरी, मीना, सकाळीच ओंजळ पिऊन आली होती.

मीना खोलीत बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची, अंगभर हळद. मी तिला विचारलं, किती प्यायलीस? ती घाबरून म्हणाली, "ओंजळभर. मोठी घेतली जी. आत्याबाई म्हनल्या, मोठी घे." आत्याबाई म्हणजे होणारी सासू, गिरजाबाई. मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. यकृत बिघडलं की डोळे पिवळे होतात, एवढं ठाऊक होतं. पण ती नखांपासून कानांपर्यंत पिवळी होती. हळद भुवयांत होती, पापण्यांत होती. काय हळदीचं आणि काय विषाचं, कळायला मार्ग नव्हता. मी तिचं तोंड हातपंपाच्या पाण्याने धूत सुटले. हळद लगेच निघत नाही. ती रडायला लागली, "बाई, मी मरतो का?" आमच्याकडे पोरीही असंच बोलतात. मी नाही म्हटलं. नाही म्हणायचाही मला अधिकार नव्हता.

पाहुण्यांच्या जीपने तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. तिथल्या डॉक्टरांनी शेखांचं आणि माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं की यावर उतारा असा नाही. सलाईन लावू आणि बघत राहू. बघायचं म्हणजे काय, तर डोळे. त्या दिवशी दुपारी, दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, मी दर थोड्या वेळाने तिची खालची पापणी ओढून बघायचे. गिरजाबाई पलीकडे स्टुलावर बसून असायची. एकदाच म्हणाली, "मी म्हनलं तिले, मोठी घे." तेव्हा मी तिचा हात धरला आणि तिने तो काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हळद उतरली आणि खाली पांढरे डोळे दिसले. तिसऱ्या दिवशी तिने वरणभात मागितला. मी बाहेर जाऊन व्हरांड्याच्या खांबाला टेकून रडले. लग्न चार दिवसांनी लागलं, हातपंपाच्या पाण्यावर शिजलेल्या भातावर. मीनाने मला विचारलं, "मंग मी तलावाची झाली का नाई?" मी म्हटलं, तुझ्याइतकी दुसरी कोणी झाली नसेल.

ती उलटी विषाची होती, उन्हाची की मी घातलेल्या धाकाची, हे मला आजही ठाऊक नाही. त्या पाण्याचा नमुना मी बाटलीत भरून वर पाठवला. 'ही तपासणी येथे उपलब्ध नाही' असा शेरा होऊन तो परत आला. माझी चूक मी कागदावर लिहून साहेबांकडे दिली. साहेब भले होते. म्हणाले, "कायले कागदावर आणता मॅडम? कोणी मेलं थोडीच." तो कागद कोणत्या फायलीत गेला ते कळलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ देऊन भाषण झालं, त्यात 'निष्कलंक सेवा' असे शब्द होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळाकडे बघत बसले.

तलावाचं सांगायचं राहिलं. सोनबाभाऊंनी सोसायटीची सभा घेतली. खत बंद, शेण बंद. जाळं लावून गवत्या मासे होते नव्हते तेवढे काढले. पहिल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या गावच्या चांगल्या तलावातून तळाचं गवत मुळासकट टोपल्यांत भरून बायांनी आणलं आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चिखलात रोवलं. धान रोवणाऱ्या बाया, त्यांना ते काही अवघड नव्हतं. काठाला देवधान फेकलं. पहिल्या वर्षी अर्धं कुजलं. पुन्हा लावलं. मी रजेच्या दिवशी थाळी घेऊन जायचे. वीत, हात, दीड हात. एकदा सोनबाभाऊंनी मला डोंग्यात बसवून बोटाने दाखवलं. गवतात तांबूस पुंजका होता, मरळीची पिल्लं.

आणि गिरजाबाईने रीत बदलली. कोणाला विचारलं नाही. तलावावर लग्नाची नवरी न्यायची, पण पहिली ओंजळ तिची नाही. पहिली ओंजळ बाईची. ज्या बाईने पाणी बिघडवलं तिने आधी प्यायचं, मग नवरीने. मी निवृत्त झाले तरी यात सूट नाही. लग्न ठरलं की आधी सोयऱ्यांना नाही, मला फोन येतो. माझी आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. मला तो मान वाटतो की शिक्षा, हे मी ठरवलेलं नाही.

गेल्या वैशाखात मीनाच्या धाकट्या दिराचं लग्न झालं. मी दोन दिवस आधीच गेले. त्या विषाची तपासणी आमच्या जिल्ह्यात अजून होत नाही, म्हणून मी माझी करते. काठाकाठाने चालले. पूर्वेच्या बाजूला साय नव्हती. थाळी तीन हात खाली दिसली. दगड उलटले, खाली गोगलगायी होत्या. झिंगे गवतात होते, पाण्यातच, काठावर एकही नाही. म्हशी पाणी पीत होत्या. त्यांच्या मालकाला विचारलं, सगळ्या धड आहेत. एवढे साक्षीदार गोळा करून मी लग्नाच्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. ढोल थांबले. काठावर गिरजाबाई, म्हातारे झालेले सोनबाभाऊ, दोन पोरांची आई झालेली मीना. बाजूला हळदीने माखलेली नवरी.

ओंजळ भरली. पाणी इतकं नितळ होतं की तळहाताच्या रेषा दिसत होत्या. तीस वर्षं ज्या बाईने लोकांना कच्चं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, ती कच्चं पाणी प्यायली. चव चांगली होती. त्या वेळीही चांगलीच असणार.

नवरी खाली वाकली आणि तिने ओंजळ भरली. मी तिचं मनगट धरलं. घडीभरात काही कळत नसतं, हे माझ्याच वहीत लिहिलेलं आहे. तरी म्हटलं, "थांब जराशी पोरी. मले काई होते का, ते पाह्य आधी."

ती ओंजळ तशीच धरून माझ्या डोळ्यांकडे बघत उभी राहिली.